इंजिनाचे फोटो आणि रुळांची हमाली

माथेरानच्या मिनी ट्रेनवर लिहिणाऱ्यांची कमी नाही. वाफेची जुनी इंजिनं, खेळण्यातले वाटावेत असे डबे, 'वन किस टनेल'... सगळं लिहून झालंय. रुळांवर मात्र कोणी फारसं लिहीत नाही. गंमत म्हणजे २००५, २०१६ आणि २०१९ साली ही गाडी दीर्घकाळ बंद पडली, ती इंजिन म्हातारं झालं म्हणून नाही. प्रत्येक वेळी प्रश्न होता तो मार्गाचा, म्हणजे गाडी रुळांवर आणि रूळ डोंगरावर सुखरूप राहतील की नाही याचा. म्हणून आज जरा खाली मान घालून रुळांकडे बघूया.

आधी थोडा इतिहास. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली हे काम हाती घेतलं. सुमारे १६ लाख रुपये खर्चून २२ मार्च १९०७ रोजी लाईन सुरू झाली. जवळपास २० किलोमीटरच्या प्रवासात गाडी साडेसातशे मीटर वर चढते. खंडाळ्याच्या घाटात सगळ्यात कडक चढ ३७ मीटरला १ मीटर आहे, इथे तो २० मीटरला १ आहे! बोगदे, मोठे पूल यांचा खर्च झेपणारा नव्हता. त्यामुळे मार्ग डोंगराच्या अंगाअंगाने, शेकडो वळणं घेत वर नेला. एवढी वळणं घ्यायची तर गाडी अरुंद हवी. आपल्या लोकलच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असतं, इथे फक्त ६१०.

इंजिनांची रचना एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची. हेच गृहस्थ आपल्या बार्शी लाईट रेल्वेचे कर्ते. ऑरेनस्टाईन अँड कॉपेल या जर्मन कंपनीने बनवलेल्या या इंजिनांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर थोडं सरकायची मुभा होती. फार हुशार डिझाईन! त्यातलं एक इंजिन आज दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये दिमाखात उभं आहे.

पण इंजिन कितीही हुशार असलं तरी वळणांची किंमत शेवटी रुळांनाच मोजावी लागते. गाडी वळताना चाकाची कड बाहेरच्या रुळावर घासते आणि त्याला बाहेर ढकलते. रूळ एका बाजूने झिजत जातो, त्याला स्लीपरशी धरून ठेवणारे खिळे ढिले होतात, आणि दोन रुळांतलं अंतर हळूहळू वाढतं. ६१० मिलिमीटरमध्ये एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरचा फरकही महागात पडतो. शिवाय उतारावर ब्रेक लावत येणारी गाडी रुळांनाच खाली रेटत असते, सांध्यांमधल्या फटी त्यामुळे बदलतात. यावर कुठलंही कायमचं औषध नाही. माणसाने चालत जायचं, बघायचं, ठोकायचं, आवळायचं, स्लीपरखाली खडी दाबून बसवायची. पुन्हा काही दिवसांनी तेच.

आणि खरा शत्रू वेगळाच आहे. पाणी! हा मार्ग म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेली एक फळी आहे. आतली बाजू खोदलेली, बाहेरची बाजू बऱ्याच ठिकाणी भराव टाकून उचललेली. वरून येणारं पाणी आतल्या चरात पडायचं आणि मोरीतून रुळांखालून पलीकडे जायचं, असा हिशोब. एक मोरी दगड-मातीने तुंबली की पाणी रुळांवरून वाट काढतं आणि बाहेरचा भराव घेऊन जातं. मग रूळ हवेत लोंबकळत राहतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपल्याला पाठ आहे. त्याच पावसाने ही लाईन जागोजाग तोडली आणि गाडी पुन्हा धावायला मार्च २००७ उजाडला. नेमका शताब्दीचा महिना!

पुढे मे २०१६ मध्ये एकाच आठवड्यात गाडी दोनदा घसरली आणि सेवा थांबवली गेली. धोक्याच्या जागी कठडे बांधून, गाड्यांना एअर ब्रेक बसवून, पूर्ण मार्ग जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसाने तो पुन्हा वाहून नेला. या वेळी नेरळपासून गाडी सुटायला २२ ऑक्टोबर २०२२ उजाडला. दुरुस्तीत गॅबियन भिंती बांधल्या, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांमध्ये दगड भरून रचलेल्या भिंती. पाणी त्यांच्या फटींतून झिरपून जातं, भिंतीमागे साचून ती ढकलत नाही. पाण्याशी भांडण्यापेक्षा त्याला वाट दिलेली बरी, हे शहाणपण.

आता प्रश्न असा, की रूळ बदलले, स्लीपर बदलले, भिंती नव्या, तर यात 'हेरिटेज' काय उरलं?

कोकणातल्या कौलारू घराचं उदाहरण घ्या. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची, फुटकी काढून नवी घालायची, कुजलेला वासा बदलायचा. शंभर वर्षांत मूळची कौलं किती उरली असतील? तरी घर पणजोबांचंच असतं. पण दोन-तीन वर्षं ती कौलं चाळू नका, मग बघा. माथेरानलाही १९०७ चं खरं जे उरलंय ते लोखंड नाही. ती डोंगरातून काढलेली वाट आहे, आणि ती दर वर्षी नव्याने राखावी लागते. म्हणूनच पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद ठेवतात. वरच्या वर शटल तेवढी चालते.

यावर कोणी म्हणेल, की गाडीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येतं, पुढे शटल आहेच. मग घाटातले रूळ कशाला सांभाळायचे? तर, इंजिनांची शेड खाली नेरळला आहे. घाट तुटला की वरचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा अधांतरी राहतो. आणि माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे हा तुकडा म्हणजे निव्वळ हौस नाही. म्हातारी माणसं, लहान पोरं, सामानसुमान... सगळ्यांना तो लागतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात मेन्टेनन्सचं प्रोजेक्ट मिळालं की लोक नाकं मुरडतात. नवीन बांधणाऱ्याचं नाव होतं, चालू ठेवणाऱ्याचं फक्त बंद पडल्यावर निघतं. अब्दुल हुसेन यांचं नाव राहिलं, ते राहायलाच हवं. पण त्यांची लाईन शंभराहून जास्त पावसाळे टिकली ती मोऱ्या उपसणाऱ्या आणि खांद्यावर पहार टाकून चालणाऱ्या गँगमनांमुळे. त्यांच्यासाठी म्युझियममध्ये जागा नाही.

असो. पुढच्या वेळी मिनी ट्रेनमध्ये बसलात तर वळणावर इंजिनाचा फोटो जरूर काढा. आणि बाजूला अंग चोरून, गाडी जायची वाट बघत उभी असलेली माणसं दिसली तर हात नक्की हलवा. गाडी पुढे गेली की त्यांना पुन्हा कामाला लागायचं असतं.