नाणं दुसऱ्याचं, कर्ज आपलं

साल १८४० च्या आसपासचं. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाकडून तुम्ही सराफांच्या गुजरीत शिरता, कमरेचा कसा सोडता आणि सराफापुढे नाणी ओतता. तो तुमच्याकडे बघतही नाही. एकेक रुपया दगडावर आपटून कान देतो, कडेवरून नख फिरवतो आणि ढीग लावतो. हा पन्हाळी, हा शहापुरी, हा अंकुशी, आणि हा कंपनीचा, गोऱ्या राजाच्या मुंडक्याचा.

"पावणं, ह्याला बट्टा लागंल."

का? "झिजलाय." आणि ह्याला? "ह्यो हिकडं चालत न्हाई." आणि पन्हाळी रुपया? तो तर इथलाच! "सन जुनं हाय त्याचं."

सगळे रुपये चांदीचेच, पण सराफाच्या हाताखालून गेले की प्रत्येक ढीग थोडा थोडा झिजतो. आपल्या राज्याचं नाणं, आपली टांकसाळ म्हणून ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनी या गादीसमोर एकदा अर्धा तास बसावं. पुढे कोल्हापूरची टांकसाळ बंद पडते आणि कलकत्ता-मुंबईत पाडलेला एकच रुपया सगळीकडे चालू लागतो, तेव्हा बाजारात सुतक पाळलं जात नाही.

आता साठेक वर्षं ओलांडा. १९०० साल. मिरजेहून येणारी रेल्वे १८९१ पासून सुरू आहे आणि शाहूपुरीची पेठ १८९५ ला वसली आहे. गुळाचा भाव कोल्हापुरात आणि मुंबईत एकाच रुपयात बोलला जातो, बट्ट्याची कटकट गेली आहे. एका नाण्याचा हा फायदा खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही.

पण पाऊस झालेला नाही. गुजरीत तुमच्या पुढे एक बाई बसली आहे, पायातले तोडे काढून. सराफ काट्याच्या एका पारड्यात तिची चांदी ठेवतो आणि दुसऱ्यात वजनं म्हणून चक्क रुपये टाकतो. रुपया बरोबर एक तोळ्याचा असतो, त्यामुळे वजनाला तो घरोघरी चालतो. काटा स्थिर होतो. मग तो रुपये उचलून परत गल्ल्यात ठेवतो आणि दर रुपयाभार चांदीला दहा-अकरा आणे या हिशेबाने तिच्यापुढे पैसे मोजतो.

"वजन सारखंच हाय की!" ती म्हणते. बरोबर म्हणते.

सात वर्षांपूर्वीपर्यंत हे असं नव्हतं. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जायचं आणि घडणावळ वजा करून तिचे रुपये पाडून घ्यायचे. तोडे म्हणजे पायात घातलेले रुपयेच. २६ जून १८९३ ला सरकारने ती खिडकी बंद केली. कारण कोल्हापुरात नव्हतं, पेठेतही नव्हतं. जर्मनीने १८७० नंतर सोन्याचं नाणं धरलं, इतरही देश त्या वाटेने गेले, जगात चांदी पडत गेली आणि दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया सव्वा शिलिंगापर्यंत घसरला. हिंदुस्थान सरकारला लंडनची देणी पौंडांत भागवायची होती. म्हणून नवे रुपये पाडणं थांबवून नाणं महाग ठेवायचं आणि दर १ शिलिंग ४ पेन्सवर आणून बसवायचा असं ठरलं. रुपया वर राहिला, चांदी खालीच गेली, आणि त्या दोहोंमधली तफावत दुष्काळाच्या वर्षी या बाईच्या तोड्यांतून वसूल झाली.

शाहू महाराज १८९४ पासून गादीवर आहेत. ते स्वस्त धान्याची दुकानं काढतात, गुरांच्या छावण्या उघडतात, तगाई देतात. राजाच्या हातात जेवढं आहे तेवढं करतात. रुपया त्यांच्या हातात नाही.

शाहू महाराजांनी १९२० साली माणगावच्या परिषदेत ज्या तरुणाला पुढारी म्हणून लोकांपुढे उभं केलं, त्यानेच तीन वर्षांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. रुपयाला पौंड किती मिळतात यापेक्षा रुपयात घरी काय आणि किती येतं ते स्थिर राहायला हवं, हे डॉ. आंबेडकरांच्या मांडणीचं सार. तोडे मोडणाऱ्या बाईला ते एका दुपारीत कळलं असतं. महाराज मात्र तो ग्रंथ निघायच्या आधी, ६ मे १९२२ ला गेले.

तिसऱ्यांदा तुम्ही येता ते शाहूपुरीतच उतरता. १९३२. गाड्यांवरून गुळाचे रवे उतरत आहेत, अडत्याच्या दुकानापुढे सौदे चालू आहेत. गूळ पिवळाधमक आहे, वजनही चोख आहे. पट्टी हातात पडते आणि तुम्ही ती उलटी करून बघता, मागच्या बाजूला काही राहिलंय का म्हणून. जगभर मंदी आहे. तीन-चार वर्षांत देशातल्या शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले आहेत.

समजा, १९२७ ला तुम्ही सावकाराकडून तीनशे रुपये घेतले होते. खतावर आजही तीनशेच आहेत, वर व्याज. शेतसाराही रुपयांतच. तेव्हा जेवढ्या रव्यांत हे भागलं असतं, त्याच्या दुप्पट आता लागतात. कर्जाचा आकडा बदललेला नाही, कर्ज मात्र दुप्पट झालं आहे. दुसऱ्याच्या नाण्यात घेतलेल्या कर्जाचा सगळा धोका या एका खतात वाचता येतो.

त्यात दिल्लीने १९२७ लाच रुपया १ शिलिंग ४ पेन्सऐवजी १ शिलिंग ६ पेन्सवर पक्का केला. हिल्टन यंग आयोगाची ती शिफारस. पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी भिन्नमतपत्रिका जोडली, उपयोग झाला नाही. रुपया साडेबारा टक्क्यांनी महाग म्हणजे जावाची साखर बंदरात त्या मानाने स्वस्त, आणि तिच्याशी स्पर्धा कोल्हापुरी गुळाने करायची. त्याच मंदीत ऑस्ट्रेलियाने जानेवारी १९३१ मध्ये आपला पौंड उतरवला, लंडनच्या १०० ला त्यांचे १३०. त्यांच्या लोकरीला आणि गव्हाला थोडा श्वास मिळाला. कोल्हापूरच्या गादीवरच्या राजाराम महाराजांना असं काही करता येत नव्हतं. संस्थानिकांनी बटलर समितीपुढे नाण्याचा विषय काढला होता, पण तो मुख्यतः टांकसाळीच्या नफ्यात वाटा मागण्यासाठी.

स्वतःचं नाणं असतं तर सुटलो असतो, असंही नाही. निजामाचा हाली सिक्का औरंगाबाद-लातूरकडे चालतच होता, पण सात हालींना सहा कलदार अशा गाठीने तो इंग्रजी रुपयाला बांधलेला. छाप वेगळा, दावं तेच.

मग तुम्ही गुजरीकडे वळता. यावेळी रांग सोन्याची आहे. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सोन्याशी नातं तोडलं. त्याआधी कायद्याने तोळ्याचा भाव २१ रुपये ३ आणे १० पै होता, आता तो चढतोय. वर्तमानपत्रं लिहितात, हिंदुस्थानी माणूस नफ्यासाठी सोनं विकतोय. रांगेतल्या माणसाच्या धोतराच्या सोग्यात बोरमाळ आहे आणि ती विकून त्याला सावकाराचं व्याज द्यायचं आहे, मुद्दल नव्हे. हे सोनं मुंबई बंदरातून लंडनला जातं आणि एक शिलिंग सहा पेन्सचा दर टिकून राहतो.

युरोतल्या ग्रीसचं पुढे जे झालं ते कोल्हापूरकराला नवं वाटू नये. ग्रीसने २००१ साली युरो घेतला, स्वस्तात कर्जं मिळाली, २०१० पासून ती अंगावर आली. द्राख्मा असता तर तो घसरला असता. तो नव्हता म्हणून पगार आणि पेन्शन घसरले, आणि २०१३ ला बेकारी २७ टक्क्यांवर पोचली. मास्ट्रिख्टच्या करारातच लिहिलं होतं की एका देशाचं कर्ज दुसऱ्याच्या माथी नाही. नाणं एक, तिजोऱ्या वेगळ्या.

कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. रुपया आधीचाच राहिला, तिजोरी बदलली. तिचा उपयोग बघायचा तर गुजरी सोडून ईशान्येला माण-खटाव-आटपाडीकडे जा, १९७२ च्या दुष्काळात. बांधावर खडी फोडणाऱ्यांची हजेरी घेतली जातेय, आठवड्याला मजुरी मिळतेय. रुपया तिथेही महाग-स्वस्त करता येत नाहीच. पण पुढे याच कामांची रोजगार हमी योजना झाली आणि तिच्यासाठी १९७५ पासून मुंबईतल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जाऊ लागला. त्याबद्दल तो आजही कुरकुरतो.