महजरावरचा नांगर

मोडी शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका जुन्या कागदाच्या शेवटी येऊन मी अडले. एक आडवी रेघ, तिला खालून वाकडा फाटा, वर शाईचा डाग. 'ठ' म्हणावं तर ठ नाही, 'ड' म्हणावं तर ड नाही. अर्धा तास झगडल्यावर सरांनी चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला. "अगं, वाचतेस काय? नांगर आहे तो!" लिहिता न येणाऱ्या पाटलानं सहीच्या जागी नांगर काढला होता.

तो कागद महजर होता. पाटीलकी थोरल्या घराची की धाकट्या, शीव ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, असले वतनाचे तंटे गोतसभेपुढे यायचे आणि निवाड्याचा महजर व्हायचा. शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेनं आलेला. हाजिर, हजेरी, हुजूर हे त्याचे सख्खे भाऊ. म्हणून त्यात हाजिर मजालसीची यादी असते: देशमुख, देशपांडे, शेजारगावचे पाटील, बलुतेदार. निशाण्यांत पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. कोण कोण समोर बसलं होतं, यावर कागदाचं वजन.

साक्षीदाराला कधी नदीच्या पाण्यात उभं करून विचारत. खोटं बोललास तर बेचाळीस पूर्वज नरकात, ही ताकीद वर. अशा साक्षीला 'गोही' म्हणत. ती आताची 'ग्वाही'. हल्ली ती पुढारी देतात, तीही कोरड्या जमिनीवर उभं राहून.

१८७२चा पुराव्याचा कायदा आला, तो २०२४च्या जूनअखेरपर्यंत चालला. महजर मात्र आपल्याकडे कधीच दप्तरात जाऊन पडला. बोलण्यात उरला पंचनामा.

मागं बंगळूरहून भाच्याचा फोन आला. त्याची मोटारसायकल चोरीला गेली होती.

"मावशी, पोलीस महजर करतायत म्हणे. म्हणजे काय गं?"

मी उडालेच. कर्नाटकात पंचनाम्याला अजून महजरच म्हणतात, हे वाचलं होतं. कानांनी पहिल्यांदा ऐकलं.

"तिथं हजर कोण कोण आहे?" मी विचारलं.

"मी, वॉचमन आणि समोरचा चहावाला. चहावाला म्हणतोय, सही येत नाही, अंगठा चालेल का?"