डिझेल इंजिनाचा श्वास

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे म्यूनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी रुडॉल्फ डिझेल यांच्या नव्या इंजिनाची कसोटी घेतली. इंधनातील उष्णतेचा २६ टक्क्यांहून थोडा अधिक भाग हे इंजिन उपयुक्त कामात उतरवते, असे तीत आढळले. त्या काळची चांगली वाफेची इंजिनेही याच्या निम्म्याच्या पुढे क्वचितच जात. या यशाचे मर्म तेलापेक्षा हवेत अधिक होते. सिलिंडरात ओढून घेतलेली हवा दट्ट्या इतक्या जोराने दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, आणि त्या तापल्या हवेत सोडलेले तेल ठिणगीवाचून आपोआप पेट घेते.

पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. चालक पायाने जी कळ दाबतो ती या झडपेला कमीअधिक उघडते. डिझेलच्या मूळ रचनेत असा दरवाजाच नाही. त्याचा जोर ठरतो तो इंधनाच्या मापावर. हवा मात्र ते आपल्या ताकदीप्रमाणे घेत राहते आणि हवेबरोबर जे येईल तेही घेते. त्या हवेत जळण्याजोगे काही मिसळले तर इंजिनाच्या दृष्टीने ते इंधनच. मग इंधनाची नळी बंद केली तरी यंत्र थांबत नाही. बैल उधळावा तसे ते उधळते, आणि वेग वाढत वाढत अखेर स्वतःलाच मोडून घेते. १९३८ पासून बाजारात आलेल्या जनरल मोटर्सच्या दोन धावांच्या प्रसिद्ध डिझेल इंजिनांवर हवेची वाट एकदम बंद करणारा पडदा बसवलेला असे, तो याच भीतीपोटी. ही भीती खोटी नव्हती. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे एका तेलशुद्धीकरण कारखान्यात ज्वालाग्राही वाफेचा ढग पसरला. जवळच एक डिझेलची पिकअप गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. तिने ती वाफ आत ओढली, तिचे इंजिन भरधाव फिरू लागले, आणि बहुधा तेथूनच ढगाला आग लागली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. १५ माणसे मेली आणि १८० जखमी झाली.

पण बाहेरून येणारी वाफ हा अपवादाचा प्रसंग. रोजचा शत्रू घरातलाच आहे. दट्ट्याभोवतीच्या कड्या कितीही नेमक्या बसवल्या तरी जळत्या वायूचा थोडा अंश त्यांच्या फटीतून खाली, क्रँककेसमध्ये, निसटतोच. तेथे वंगणाचे तेल सारखे उडत असते. त्याचे अतिसूक्ष्म थेंब या वायूबरोबर मिसळून एक तेलकट धुके तयार होते. त्याला बाहेर पडायला वाट दिली नाही तर आतला दाब वाढतो आणि सांध्यासांध्यांतून तेल पाझरू लागते. जुन्या अभियंत्यांनी सरळ उपाय केला: एक नळी खाली रस्त्याकडे सोडून दिली. गाडी चालत असे आणि धुके रस्त्यावर सांडत असे. त्याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते.

तो मागितला गेला तो लॉस एंजेलिस शहरात. तेथील डोळे झोंबवणाऱ्या धूरमिश्रित धुक्याचा उगम मुख्यतः मोटारींतून आणि तेलउद्योगातून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होण्यात आहे, हे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या मोटारींपासून क्रँककेसमधले वायू पुन्हा इंजिनातच नेऊन जाळण्याची व्यवस्था आली. पेट्रोलच्या इंजिनाला हे सोपे होते. झडपेमागे जी पोकळी निर्माण होते तीच हे वायू ओढून घेते.

डिझेलला हे सोपे नव्हते. झडप नाही म्हणून ती पोकळी नाही. त्यातच स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटातून निघालेला टर्बोचार्जर डिझेलच्या मोठ्या इंजिनांवर रूढ झाला होता. हवा कोंबणाऱ्या या पंख्यातून तेलाचे धुके गेले की ते उष्णतेने करपून पात्यांवर थर धरते, आणि पुढे हवा थंड करणाऱ्या नळ्यांत चिकटून बसते. म्हणून अमेरिकेतील नियमांनी टर्बोचार्जर असलेल्या अवजड डिझेल इंजिनांना सवलत दिली होती. ती २००७ च्या इंजिनांपासून काढून घेतली गेली. उघडी नळी ठेवायची तर तिच्यातून जाणारा मळही धुराच्या हिशेबात धरावा लागू लागला.

मग ते धुके गाळून घेण्याचा प्रश्न आला. त्यातील कित्येक थेंब एका मायक्रॉनहूनही लहान असतात. जाळीने किंवा वाट वळवून मोठे थेंब अडतात, बारीक निसटतात. काचतंतूंच्या गाळणीत ते एकमेकांना चिकटून मोठे होतात व ओघळतात, पण गाळणी बदलावी लागते. तिसरा मार्ग दुधाच्या धंद्यातून आला. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ मध्ये दुधातून साय वेगळी करणारे फिरते यंत्र केले. पुढे त्यात एकावर एक रचलेल्या शंकूच्या आकाराच्या पातळ तबकड्या आल्या. याच घराण्यातले, तबकड्यांचे छोटे यंत्र या शतकाच्या आरंभी मालमोटारींच्या इंजिनांवर बसू लागले. तेलाचे थेंब तबकड्यांवर फेकले जाऊन खाली तेलाच्या टाकीत परततात आणि स्वच्छ झालेला वायू हवेच्या वाटेला लागतो. सायीच्या यंत्राला हे दुसरे आयुष्य मिळेल, असे लावाल यांच्या स्वप्नातही आले नसेल.

तेलाची सोय झाली, तोवर काजळी दाराशी येऊन उभी होती. ज्वलनाचे तापमान फार वाढले की नायट्रोजनची घातक ऑक्साइडे बनतात. ते उतरवण्यासाठी धुराचाच काही भाग परत आत सोडण्याची पद्धत आली. अमेरिकेतील अनेक अवजड इंजिनांत ती २००२ मध्ये शिरली, युरोपातील मोटारींत त्याच्या आधीच. धुराबरोबर काजळी आली, तिला तेलाचे धुके भेटले, आणि दोहोंचा डांबरासारखा चिकट लेप हवेच्या नळ्यांत बसू लागला. काही वर्षे चाललेल्या मोटारीची नळी उघडली तर तिचे तोंड निम्मे बुजलेले आढळे.

येथे यंत्राचा प्रश्न न्यायाच्या दारी गेला. चाचणीत धूर परत घ्यायचा आणि रस्त्यावर तो कमी घ्यायचा, अशी गुप्त सोय काही निर्मात्यांनी संगणकाच्या आज्ञावलीत केली होती. २०१५ मध्ये ती उघडकीस आल्यावर बचावात सांगितले गेले की, इंजिन काजळीने तुंबू नये म्हणून असे करावे लागते. १७ डिसेंबर २०२० रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो बचाव नाकारला. अचानक होणाऱ्या नुकसानीपासून संरक्षण ही वेगळी गोष्ट. तुंबणे आणि झिजणे हे इंजिनाच्या नित्य चालण्याचे परिणाम आहेत, त्यांसाठी अशी सोय करता येत नाही. इंजिनाची नळी स्वच्छ राहावी म्हणून शहराने मळकी हवा सोसावी, हा सौदा न्यायालयाला मान्य नव्हता, आणि ते योग्यच झाले.

तंत्राची वाट मात्र त्याआधीच मोकळी झाली होती. धूर प्रथम काजळीच्या गाळणीतून न्यावा आणि मगच त्याचा भाग परत घ्यावा, म्हणजे आत जाणारा वायू जवळजवळ निर्मळ असतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम देशभर लागू झाले. चौथ्या टप्प्यावरून देश एकदम सहाव्यावर आला. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भागांवर उतरली आणि नव्या डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर ही गाळणी आली. जुन्या गाड्यांच्या नळ्या अजूनही गॅरेजांत उघडल्या जातात, आणि कारागीर पत्र्याच्या तुकड्याने ती काळी साय खरवडून काढतात.