चिंचोळी एमआयडीसी : पर्यावरण वकील नेमकं काय करतात?
मोहोळ तालुक्यातील चिंचोळी एमआयडीसीत डाईंगचा किंवा केमिकलचा कारखाना टाकायचा तर प्लॉट घेऊन भागत नाही. पाणी कायदा १९७४ आणि हवा कायदा १९८१ नुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते : उभारणीआधी आणि उत्पादनाआधी. संमतीच्या अटी समजावणे, तिची मुदत सांभाळणे, सांडपाणी व घातक कचऱ्याच्या नोंदी तपासणे हे पर्यावरण वकिलाचे काम. नियम मोडले तर मंडळ वीज-पाणी तोडायला लावू शकते. मग कामगारांची रोजी थांबते. बंदच्या आदेशाविरुद्ध पुण्यातील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात साधारण ३० दिवसांत अपील करावे लागते. म्हणून नोटीस येताच वकील गाठा. आणि पाणी अल्लाहची अमानत आहे, हेही विसरू नका.