सर्जिओ लोबेरा

सर्जिओ लोबेरा रॉड्रिगेझ (जन्म : १६ जानेवारी १९७७, सारागोसा, स्पेन) हे स्पॅनिश फुटबॉल प्रशिक्षक आहेत. स्पेनमधील काही क्लबांनंतर त्यांनी मोरोक्को, भारत व चीन या देशांत मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले. त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत महत्त्वाचा भाग भारतात घडला. एफसी गोवा (२०१७–२०), मुंबई सिटी एफसी (२०२०–२१) आणि ओडिशा एफसी (२०२३–२५) या इंडियन सुपर लीगमधील तीन संघांचे ते प्रशिक्षक होते. मुंबई सिटीने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २०२०–२१ च्या हंगामात साखळी फेरीतील अग्रस्थानाची ढाल आणि अंतिम विजेतेपदाचा करंडक अशी दोन्ही पारितोषिके पटकावली. एकाच हंगामात हे दुहेरी यश मिळवणारा तो पहिला संघ होय.

गोवा व मुंबई हे लोबेरा यांनी घडवलेले दोन्ही संघ आशियाई चॅम्पियन्स लीग या खंडातील सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या गटफेरीत उतरले. मात्र त्या स्पर्धेत दोन्ही वेळा संघाची सूत्रे दुसऱ्या प्रशिक्षकांकडे होती. परदेशी प्रशिक्षकाचे काम किती टिकते आणि त्याचे पद किती अल्पकाळाचे असते, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल.

प्रारंभिक कारकीर्द

लोबेरा यांची ओळख खेळाडू म्हणून नसून प्रशिक्षक म्हणूनच आहे. बार्सिलोना क्लबच्या युवा विभागात त्यांनी प्रशिक्षणाचे धडे गिरवले. चेंडू आपल्याकडे राखणे, तो गोलरक्षकापासून लहान लहान पासांनी पुढे नेणे आणि हातचा गेल्यास तत्काळ परत मिळवणे, ही तेथील शिकवण पुढे त्यांच्या प्रत्येक संघात दिसून आली. बार्सिलोनाच्या 'क' संघानंतर त्यांनी तेरासा, सान रोके व सेउता या खालच्या विभागांतील क्लबांना मार्गदर्शन केले.

२०१२ मध्ये ते स्पेनच्या दुसऱ्या विभागातील लास पाल्मास क्लबचे प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात संघाने पहिल्या विभागात बढती मिळवण्यासाठीच्या निर्णायक फेरीत प्रवेश केला, परंतु तेथे अल्मेरियाकडून त्याचा पराभव झाला. २०१४ मध्ये दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस, बढतीची संधी कायम असतानाच, त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

मोरोक्को

२०१४ च्या अखेरीस लोबेरा मोरोक्कोतील मोग्रेब तेतुआन या क्लबमध्ये दाखल झाले. स्पेनबाहेरचे हे त्यांचे पहिले काम. तेतुआन हे शहर उत्तर मोरोक्कोत, लोबेरा यांनी पूर्वी काम केलेल्या सेउता या स्पॅनिश शहराच्या जवळच आहे. २०१५ च्या आफ्रिकी चॅम्पियन्स लीगमध्ये तेतुआनने कैरोच्या अल अहली या बलाढ्य संघाला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून गटफेरी गाठली. मुर्तदा फाल व ह्यूगो बूमूस हे तेतुआनचे खेळाडू पुढे भारतातही त्यांच्या संघांत आले.

इंडियन सुपर लीगची रचना

लोबेरा यांची भारतातील कामगिरी समजण्यासाठी या स्पर्धेची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. २०२४–२५ च्या हंगामापर्यंत साखळी फेरीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी दोनदा खेळत असे. विजयाला ३ व बरोबरीला १ गुण मिळतो. त्यानंतर आघाडीच्या संघांमध्ये बाद फेरी होत असे आणि अंतिम सामना जिंकणारा संघ विजेता ठरत असे. त्यामुळे हंगामभर उत्तम खेळणारा संघ एका वाईट सायंकाळी सर्व काही गमावू शकत असे. २०१९–२० पासून साखळी फेरीतील अग्रस्थानासाठी स्वतंत्र ढाल देण्यास सुरुवात झाली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमधील प्रवेश तिच्याशी जोडला गेला. त्या वेळी बाद फेरीत पहिल्या चार संघांना स्थान होते.

एफसी गोवा (२०१७–२०)

फुटबॉल हा गोव्याचा राज्यक्रीडाप्रकार आहे. एफसी गोवाचे पहिले प्रशिक्षक ब्राझीलचे विख्यात माजी खेळाडू झिको हे होते. त्यांच्या कारकिर्दीत संघ २०१५ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला, तर २०१६ मध्ये गुणतक्त्यात तळाला गेला. जून २०१७ मध्ये लोबेरा यांची नियुक्ती झाली तेव्हा संघाची जवळजवळ नव्याने बांधणी करणे क्रमप्राप्त होते.

स्पॅनिश आघाडीपटू फेरान कोरोमिनास (कोरो), मध्यरक्षक एदू बेदिया आणि मोरोक्कोचे अहमद जहूह हे या बांधणीचे आधारस्तंभ ठरले. कोरो यांनी २०१७–१८ मध्ये १८ व २०१८–१९ मध्ये १६ गोल करून सलग दोन हंगामांत सर्वाधिक गोलांचे पारितोषिक मिळवले. ब्रँडन फर्नांडिस, सेरिटन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्ज व मंदार राव देसाई या गोमंतकीय खेळाडूंनाही या पद्धतीत महत्त्वाचे स्थान मिळाले. मूळचे पंखावर खेळणारे मंदार राव देसाई याच काळात डाव्या बगलेचे बचावपटू झाले. चढाईच्या वेळी बगलेच्या बचावपटूने पुढे धाव घ्यावी, अशी लोबेरा यांच्या पद्धतीत अपेक्षा असे, आणि पंखावरच्या खेळाडूचा वेग तेथे उपयोगी पडला.

२०१७–१८ मध्ये गोव्याने उपांत्य फेरी गाठली, मात्र चेन्नईयिनकडून त्यांचा पराभव झाला. पुढील हंगामात उपांत्य फेरीत मुंबई सिटीला तिच्याच मैदानावर ५–१ असे नमवून गोवा अंतिम फेरीत पोहोचला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात बंगळूरू एफसीचे राहुल भेके यांनी जादा वेळेत केलेल्या एकमेव गोलामुळे गोव्याला विजेतेपद हुकले. महिन्याभरातच, १३ एप्रिल २०१९ रोजी, गोव्याने भुवनेश्वर येथे चेन्नईयिनवर २–१ असा विजय मिळवून सुपर कप जिंकला. एफसी गोवाचे हे पहिले मोठे विजेतेपद होय.

२०१९–२० च्या हंगामात संघ अव्वल स्थानासाठी आघाडीवर होता. तरीही साखळीतील केवळ ३ सामने शिल्लक असताना, जानेवारी २०२० च्या अखेरीस, क्लबने लोबेरा यांना पदमुक्त केले. उर्वरित सामन्यांसाठी संघाची धुरा गोव्याचेच माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली. संघाने तिन्ही सामने जिंकले आणि १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरवर ५–० अशी मात करून ढाल निश्चित केली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत प्रवेश मिळवणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला.

मुंबई सिटी एफसी (२०२०–२१)

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीत बहुसंख्य भागभांडवल घेतले. ऑक्टोबर २०२० मध्ये लोबेरा यांची मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. तोपर्यंत मुंबईने एकदाही अंतिम फेरी गाठलेली नव्हती. फाल, जहूह, बूमूस व मंदार राव देसाई हे गोव्यातील सहकारी त्यांच्यासोबत मुंबईच्या संघात आले.

कोविडच्या साथीमुळे हा संपूर्ण हंगाम गोव्यातील फातोर्डा, बांबोळी व वास्को येथील मैदानांवर प्रेक्षकांविना खेळवण्यात आला. परिणामी लोबेरा यांना मुंबईच्या प्रशिक्षकपदी असताना अंधेरीच्या मैदानावर, मुंबईकर प्रेक्षकांसमोर, एकही लीग सामना खेळवता आला नाही.

साखळी फेरीच्या शेवटच्या सामन्यात, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, मुंबईला अग्रस्थानासाठी एटीके मोहन बागानवर विजय आवश्यक होता. फाल व बार्थोलोम्यू ओगबेचे यांच्या गोलांमुळे मुंबईने तो सामना २–० असा जिंकला. दोन्ही संघांचे ४० गुण झाले, आणि परस्परांविरुद्धच्या सामन्यांतील सरस कामगिरीमुळे ढाल मुंबईकडे आली. उपांत्य फेरीत गाठ पडली ती एफसी गोवाशी. दोन्ही सामने बरोबरीत सुटल्यानंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये मुंबईने ६–५ अशी बाजी मारली.

१३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे अंतिम सामना पुन्हा एटीके मोहन बागानशीच झाला. डेव्हिड विल्यम्स यांच्या गोलाने मुंबई पिछाडीवर पडली. तिरी यांच्या स्वयंगोलामुळे बरोबरी झाली, आणि ९०व्या मिनिटाला बिपिन सिंग यांनी विजयी गोल केला. मुंबईचे तरुण बचावपटू अमेय रानवडे यांना या सामन्यात डोक्याला दुखापत होऊन रुग्णवाहिकेतून मैदानाबाहेर न्यावे लागले; ते पुढे बरे होऊन खेळात परतले. दोन वर्षांपूर्वी लोबेरा यांचा गोव्याचा संघ मुंबईत अंतिम सामना हरला होता. आता त्यांच्या मुंबईच्या संघाने गोव्यात तो जिंकला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये लोबेरा यांच्या जागी डेस बकिंगहॅम यांची नियुक्ती झाली.

आशियाई स्पर्धेतील फलित

एप्रिल २०२१ मध्ये फातोर्डा येथे एफसी गोवाने हुआन फेरांडो यांच्या प्रशिक्षणाखाली कतारच्या अल रय्यानला ०–० असे रोखले आणि चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबसाठी पहिला गुण मिळवला. त्याच स्पर्धेत एदू बेदिया यांनी इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध भारतीय क्लबचा पहिला गोल नोंदवला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे बकिंगहॅम यांच्या मुंबई सिटीने इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला २–१ असे हरवून या स्पर्धेतील भारतीय क्लबचा पहिला विजय साकारला. विजयी गोल राहुल भेके यांचा होता. २०१९ च्या अंतिम सामन्यात लोबेरा यांच्या गोव्याला हरवणारा गोल त्यांनीच केला होता.

चीन, ओडिशा व कोलकाता

मुंबईनंतर लोबेरा यांनी सिटी फुटबॉल ग्रुपच्याच चीनमधील सिचुआन जिउनिऊ या संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले. २०२३ मध्ये ते ओडिशा एफसीकडे आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लिफर्ड मिरांडा यांच्या मार्गदर्शनाखाली ओडिशाने सुपर कप जिंकून एएफसी कपमध्ये स्थान मिळवले होते. गोव्यात लोबेरा यांच्या परिश्रमाचे फळ मिरांडा यांच्या हाती आले होते. ओडिशात मिरांडा यांनी उघडलेल्या दारातून लोबेरा आशियाई स्पर्धेत गेले.

एएफसी कपच्या गटफेरीची सुरुवात भुवनेश्वरमध्ये मोहन बागानकडून ०–४ अशा पराभवाने झाली. त्यानंतर संघ सावरला, कोलकात्यात त्याच मोहन बागानला ५–२ असे हरवले आणि गटात पहिला आला. पुढील फेरीत ऑस्ट्रेलियाच्या सेंट्रल कोस्ट मरिनर्सने ओडिशाची वाटचाल रोखली. जानेवारी २०२४ मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालकडून जादा वेळेत २–३ असा पराभव झाला, तर लीगमध्ये संघाने उपांत्य फेरी गाठली. २०२४–२५ मध्ये मात्र ओडिशाला बाद फेरीत स्थान मिळाले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लोबेरा यांनी कोलकात्याच्या मोहन बागानची सूत्रे स्वीकारली.

खेळपद्धती व मूल्यमापन

लोबेरा यांच्या संघांत गोलरक्षक चेंडू दूर न भिरकावता जवळच्या बचावपटूकडे देतो. जहूह यांच्यासारखा एक मध्यरक्षक खाली उतरून चेंडू घेतो व खेळाची दिशा ठरवतो. बगलेचे बचावपटू पुढे सरकतात आणि मैदान रुंद करतात. या पद्धतीत गोल भरपूर होतात, परंतु स्वतःच्या गोलजवळ चेंडू गमावल्यास त्याची किंमत तत्काळ मोजावी लागते. २०२१ च्या अंतिम सामन्यातील मोहन बागानचा गोल अशाच चुकीतून झाला होता. तरीही उर्वरित सामन्यात मुंबईने आपली पद्धत सोडली नाही.

ओळखीच्या खेळाडूंना नव्या संघात सोबत नेणे हे त्यांच्या कारकिर्दीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. यामुळे नवा संघ लवकर जुळतो. जुन्या संघाची घडी मात्र विस्कटते. क्लबच्या दृष्टीने प्रशिक्षक बदलणे हा एका दिवसाचा निर्णय असतो, पण संघाला लागलेल्या सवयी त्या निर्णयानंतरही टिकतात. २०२० मधील गोव्याचे शेवटचे तीन विजय आणि २०२२ मधील रियाधचा विजय ही त्याची साक्ष होय.

प्रमुख विजेतेपदे

एफसी गोवा : सुपर कप (२०१९)
मुंबई सिटी एफसी : इंडियन सुपर लीग ढाल (२०२०–२१)
मुंबई सिटी एफसी : इंडियन सुपर लीग करंडक (२०२०–२१)