नाव माउस, पण उंदीर नव्हे!

ब्रिटनमधल्या पालकांनो, ॲलिसच्या गोष्टीतला, चहाच्या टेबलावर पेंगणारा डॉरमाउस तुमच्या मुलांना माहीत असेलच. खरा डॉरमाउस मात्र तिथल्या रानांतून नाहीसा होत चाललाय.

दिसायला उंदीर, पण जनुकं सांगतात की तो खारीला जास्त जवळचा. त्याचं कुळ सुमारे ५ कोटी वर्षं जुनं!

व्हिक्टोरियन काळात पोरं डॉरमाउस पकडून घरी पाळायची. पुढे शेतांच्या कडेची झुडपांची कुंपणं (आपल्या कोकणातली वई आठवा) उपटली गेली. हेझलची झाडं बुंध्याशी छाटून पुन्हा फुटू द्यायची जुनी रीतही मागे पडली. हिवाळाभर झोपणारा हा जीव उन्हाळ्यात फांद्याफांद्यांवरूनच फिरतो. कुंपण गेलं की त्याची वाटच गेली. मग थोडेसे डॉरमाउस एकाच रानात अडकतात, नात्यातच पिल्लं होतात आणि जनुकांतली विविधता घटते. २००० ते २०२२ या काळात त्यांची संख्या ७० टक्क्यांनी घसरली.

१९९३ पासून मुद्दाम पैदास केलेले डॉरमाउस रानात सोडतायत. पण वाटा जोडल्या नाहीत, तर तेही अडकणारच.

फिरायला जाल तेव्हा मुलांना विचारा, हे कुंपण कशासाठी? 'हद्द दाखवायला' म्हणाली, तर सांगा: डॉरमाउससाठी तो रस्ता आहे.