डेडस्टॉक नंबर ४७

गेले दोन विकांत माळ्यावरून उतरवलेल्या एका खोक्यापुढे मांडी घालून बसण्यात गेले. खोक्यात आहे बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. टाइपरायटरएवढा ऐसपैस, मूळचा बदामी आणि आता हळदीच्या दुधासारखा पिवळा, वरच्या रांगेत दहा लालभडक कळा. मालकीण माझी आत्या. ती जुनं घर सोडून लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये राहायला चालली आहे आणि तिथे माळा नाही. "तू कॉम्प्युटरवाला, तूच काय ते ठरव," असं म्हणून तिने तो माझ्या गळ्यात घातला.

ठरवायचं म्हणजे तीनच गोष्टी. आहे तसा ठेवायचा, दुरुस्त करून चालू करायचा, नाहीतर विकून टाकायचा. गिऱ्हाईकसुद्धा तयार होतं बरं का! हापिसातल्या एका मित्राच्या ओळखीतला इंग्लंडमधला एक संग्राहक. पैसे बरे देत होता. फक्त फोटो बघून त्याने एक प्रश्न विचारला, की झाकणावर पांढऱ्या रंगाने काहीतरी खरडलंय, ते काढून मिळेल का?

ते खरडलेलं म्हणजे 'डे.स्टॉ. ४७'. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमधला नंबर. बाकं, कपाटं, घंटा, नकाशे आणि त्यांच्याबरोबर हा.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या रजिस्टरात हे विलायती यंत्र आलं कसं, ते सांगायचं तर केंब्रिजपासून सुरुवात करायला हवी.

१९८० च्या सुमाराला बीबीसीने ठरवलं की ब्रिटिश जनतेला संगणक शिकवायचा. त्यासाठी दूरदर्शन मालिका काढायची आणि मालिकेबरोबर बीबीसीचा शिक्का असलेला एक घरगुती संगणकही विकायचा. तो बनवण्याचं काम मिळावं म्हणून केंब्रिजमधल्या एकॉर्न या लहानशा कंपनीची धडपड चालू होती. बीबीसीची माणसं येणार शुक्रवारी आणि सोमवारी कंपनीकडे दाखवायला नुसते आराखडे! मग हर्मन हाउझर या मालकाने एक चलाखी केली. स्टीव्ह फर्बरला फोन करून सांगितलं, सोफी विल्सन म्हणते आठवड्यात होईल. आणि सोफी विल्सनला सांगितलं, फर्बर म्हणतो होईल. (आपल्याकडचे प्रोजेक्ट मॅनेजर हे कुठून शिकले ते कळलं ना?) दोघांनी रात्रीचा दिवस करून नमुना उभा केला आणि काम एकॉर्नला मिळालं. डिसेंबर १९८१ मध्ये यंत्र बाजारात आलं. १६ केबीचं मॉडेल ए २३५ पौंडांना, ३२ केबीचं मॉडेल बी ३३५ पौंडांना. थोड्याच दिवसांत दोन्हींच्या किमती वाढल्या, पण मागणी काही हटेना. अखेर पंधरा लाखांच्या आसपास यंत्रं विकली गेली. विल्सनने त्याच्यासाठी लिहिलेली बेसिक भाषा इतकी नीटस होती की तिच्यात 'प्रोसीजर' होत्या आणि प्रोग्रॅमच्या मधेच थेट असेंब्ली लिहिता यायची. पुढे याच दोघांनी एआरएम प्रोसेसर आखला. त्याच्या आज्ञावलीची चाचणी विल्सनने बीबीसी बेसिकमध्येच लिहून पाहिली होती. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप आली, ती चालवून बघितली तीही बीबीसी मायक्रोलाच जोडून. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच चिपचे वंशज बसलेत.

असो. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स. शिक्षण खातं, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि एनसीईआरटी यांचं ते एकत्र काम. सुरुवात अडीचशेच्या आसपास शाळांनी झाली, वाढत वाढत ती दोन हजारांच्या पुढे गेली. यंत्र निवडलं ते हेच, बीबीसी मायक्रो. देशभर मिळून बारा हजार बीबीसी वाटले गेले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवाना घेऊन त्याची देशी आवृत्तीही काढली, तिचं नाव एससीएल युनिकॉर्न. आत्याच्या शाळेच्या वाट्याला मात्र अस्सल एकॉर्नचे आले.

ती गणित शिकवायची, म्हणून मुख्याध्यापकांनी तिलाच प्रशिक्षणाला धाडलं. परत आली तेव्हा संगणकाच्या खोलीला पडदे लागले होते आणि मुलांना चपला बाहेर काढायला लावत होते. त्या काळी असं सगळीकडेच होतं म्हणा. सोबत आलेले प्रोग्रॅम इंग्रजी आणि बरेचसे ब्रिटिश शाळांच्या हिशेबाने बनवलेले. मराठी माध्यमाच्या पाचवी-सहावीच्या मुलांना त्यात काय कळणार? तेव्हा १९८७ च्या उन्हाळी सुट्टीत आत्याने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. पाढ्यांचा. आणि तो मराठीत दिसला पाहिजे हा तिचा हट्ट.

आता इथे जरा थांबतो, कारण मला स्वतःला ही गोष्ट गेल्या महिन्यापर्यंत कळली नव्हती.

या यंत्राला देवनागरीचा गंधही नाही. पण 'व्हीडीयू २३' अशी एक आज्ञा आहे. तिच्यापुढे अक्षराचा क्रमांक आणि आठ आकडे दिले की आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत तुम्हाला हवं ते चिन्ह तयार होतं. प्रत्येक आकडा म्हणजे एक ओळ. २५५ म्हणजे आठही ठिपके पेटलेले, म्हणजेच शिरोरेषा! अडचण अशी की जादा स्मृती न खर्चता अशी चिन्हं मिळतात फक्त ३२, क्रमांक २२४ ते २५५. दुसरी अडचण स्मृतीची. एकूण ३२ केबी, त्यातली रंगीत चित्रांची पद्धत एकटी २० केबी खाते. फ्लॉपी ड्राइव्हचा वाटा आणि यंत्राचा स्वतःचा वाटा काढला की प्रोग्रॅमला सहा केबीसुद्धा उरत नाहीत. सगळ्यात काटकसरी पद्धत जेमतेम १ केबी घेते, पण तिची अक्षरं वेगळ्या चिपमध्ये कायमची कोरलेली, तिथे व्हीडीयू २३ चालतच नाही. म्हणून आत्याने मधली, दोनरंगी, दहा केबीची पद्धत घेतली. सोळा केबीच्या जरा आत जागा मिळाली.

मग बत्तीस चिन्हांत पाढे बसवायचे कसे? तिची आलेखाची वही माझ्यासमोर आहे. शून्य ते नऊ, दहा अंक. उरले बावीस. तिने बे एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक, साते, अठ्ठे, नवे, दहे असे शब्द लिहून काढले आणि त्यांत लागणारी अक्षरंच तेवढी वेचली: ब, ए, क, द, ण, त्र, च, प, स, त, अ, ठ्ठ, न, व, ह. पंधरा. काना, वेलांटी, उकार, मात्रा, ओकार, अनुस्वार मिळून सहा. तीन, चार, पाच हे शब्द गाळून तिथे आकडेच दाखवायचे. एकूण झाली एकतीस चिन्हं. बत्तीसाव्या जागी एक चांदणी, बरोबर उत्तरासाठी. मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसवायला 'व्हीडीयू ५' ही आज्ञा वापरली, तिने अक्षरं चित्रासारखी पडद्यावर कुठेही, एकमेकांवरही ठेवता येतात.

मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. युनिकोड असून जोडाक्षरं फुटली की आम्ही तिकिटं टाकतो आणि वाट बघत बसतो. म्हणून ही वही बघून थोडा गप्प झालो. लक्षात घ्या, पुण्यात सी-डॅकच मुळी १९८८ मध्ये सुरू झालं आणि त्यांचं जिस्ट कार्ड पीसीसाठी होतं, बीबीसीला त्याचा उपयोग शून्य.

पुढचं नेहमीचंच. १९९३ नंतर सुधारित योजनेत पीसी आले, बीबीसी कपाटात गेले. कुणीतरी त्यांच्यावर जुने पेपरांचे गठ्ठे ठेवले. यथावकाश निर्लेखन झालं, आवारात लिलाव झाला. आत्याने त्यातला एक, ड्राइव्ह आणि तीन फ्लॉप्यांसकट, भंगाराच्या भावात उचलला. पावती अजून आहे, तिच्यावरही ४७ आहे.

आता मूळ प्रश्न. जालावर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीबद्दल वाचलं तर पहिला सल्ला मिळतो: प्लग लावायची घाई करू नका. बीबीसीच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला कागदी कपॅसिटर असतात. वयोमानाने त्यांच्या कवचाला बारीक तडे जातात, दमट हवा आत शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत फट्ट होऊन खोलीभर घाणेरडा धूर. यंत्र बहुतेक वेळा वाचतं, पण काळजाचा ठोका चुकतो. मी झाकण उघडून बघितलं. तडे स्पष्ट दिसत होते. ते बदलणं हे फार तर तासाभराचं काम. मॉडेल बीमध्ये बॅटरी नसते हे एक नशीब, नाहीतर ती गळून बोर्ड खाऊन टाकते. म्हणजे चालू करणं आवाक्यातलं आहे.

पण 'रिस्टोअर' या शब्दात लोक बरंच काही कोंबतात. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, मग ते नव्यासारखं गोरं होतं. झिजलेल्या कळा बदलतात. ड्राइव्हच्या जागी यूएसबी बसवतात. तसं करायला हरकत काहीच नाही, पण मग पंधरा लाखांतला आणखी एक चकचकीत बीबीसी तयार होईल. तसे इंग्लंडमध्ये पैशाला पासरी नसले तरी हवे तेवढे आहेत. पांढऱ्या रंगातला तो ४७ मात्र गेला की गेला.

आणि मला जास्त घोर होता फ्लॉप्यांचा. कारण बीबीसीच्याच घरात एक उदाहरण घडलेलं आहे. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने जमीनजुमल्याची मोजदाद करून 'डूम्सडे बुक' लिहवून घेतलं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवं डूम्सडे काढलं. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यात शाळकरी पोरं भरपूर, आपापल्या गावाची माहिती आणि फोटो पाठवले. ते सगळं लेसर डिस्कवर घातलं आणि वाचायला बीबीसी मास्टर अधिक एक खास प्लेअर. पंधराएक वर्षांत चालू प्लेअर शोधायची वेळ आली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या मंडळींनी २००२ मध्ये एम्युलेटर करून दाखवला, २०११ मध्ये गावागावांचा मजकूर वेबवर आला, २०१८ मध्ये ती साइटही उतरवून अभिलेखागारात ठेवावी लागली. १०८६ ची वही या सगळ्या काळात शांतपणे कपाटात होती.

आत्याचीही वही आहे, पण तिच्यात फक्त अक्षरं आहेत. प्रोग्रॅम फ्लॉपीवर.

तेव्हा मी क्रम उलटा केला. यंत्राला हात न लावता आधी फ्लॉप्या. सव्वापाच इंची, एका बाजूला १०० केबी. एकेरी घनतेची ही जुनी पद्धत साध्या पीसीला बहुधा वाचता येत नाही. पण ग्रीझवीझल नावाचा एक छोटा बोर्ड मिळतो, तो जुन्या ड्राइव्हला जोडला की चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतो, अर्थ नंतर लावत बसा. पहिली फ्लॉपी स्वच्छ वाचली गेली, तिच्यावर मुलांचे मार्क. दुसरीवर बुरशीचे पांढरे ठिपके. हलक्या हाताने अल्कोहोलने पुसून तीनदा फिरवली, तरी काही ट्रॅक गेलेच. तिसरीच्या यादीत दिसलं 'पीएडीएचई', पाढे. फायलीच्या नावाला सातच अक्षरं मिळतात, आत्याने पाचांत भागवलं होतं.

त्या रात्रीच गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. यंत्र, फ्लॉप्या, वही आणि पावती एकत्र असेपर्यंतच त्याला अर्थ आहे, आणि त्याला यंत्र एकटंच हवं होतं. कपॅसिटर बदलायचे, काढलेले पुडीत घालून आतच ठेवायचे, पिवळेपणाला हात लावायचा नाही. एवढीच दुरुस्ती. आत्यानंतर तो कुठे जाईल हे मात्र मला अजून सुचलेलं नाही. एखादं संग्रहालय घेईलही, पण तिथे तो काचेआड बंद पडून राहणार.

रविवारी लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये तो प्रोग्रॅम लावून आत्यापुढे ठेवला. काळ्या पडद्यावर '७ साते' आलं. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला, ४९ दाबलं, चांदणी आली. मग अठ्ठे आलं.

"हा ठ्ठ बघ," ती म्हणाली. "आठ ओळींत काही केल्या बसेना मेला. मडक्यावर मडकं दिसतं की नाही? पोरं हसायची."

"वाचता येतोय की."

"येतोय. खरा कधी लावतोयस?"

"कपॅसिटर आले की. पुढच्या रविवारी."

"मग तोवर खोका माझ्या पलंगाखाली राहू दे," आत्या म्हणाली. "आणि तो नंबर पुसला जाईल असं फडकं मारू नकोस त्याच्यावर."